घोटीला अडकलेला साचा

गोरक्ष सानपांनी चहा मागवला आणि त्याच दमात वॉचमनला फाटक लावून घ्यायला सांगितलं. लोखंडी फाटक करकरत सरकलं. आत कंपनीचा टेम्पो, टेम्पोत ड्रायव्हर सोमनाथ, आणि सानपांच्या टेबलासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर यशश्री गायधनी.

"मॅडम, राग मानू नका," सानप म्हणाले. "तुम्ही कवाबी जाऊ शकता. टेम्पोबी जाईल. साचा मात्र नाय जाणार."

साचा म्हणजे पोलादाचा एक ठोकळा, दोघांनी मिळून उचलावा एवढा. त्यात रबर दाबलं की फवारणी पंपाचा सील तयार होतो. यशश्रीची कंपनी अंबडला हे पंप बनवायची आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ते जायचे. साचा कंपनीचा, पण बसवलेला होता घोटीच्या अलीकडच्या या शेडमध्ये, सानपांच्या मशिनवर. तो घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं मालकांनी, देवव्रत सरांनी, तिला सकाळीच बजावलं होतं.

यशश्री खरेदी बघायची. पूर्वी हेच सील सातपूरचे चिंतामणकाका बेळे पुरवायचे. त्यांचा माल आला की कुणी पिशवी उघडूनही बघत नसे, सरळ लाईनवर जायचा. कमी पडला तर काका स्वतः स्कूटरवर घेऊन यायचे. मग सानपांचं कोटेशन आलं, काकांपेक्षा बरंच खाली. यशश्रीने सरांना समजावून पाहिलं. घोटीहून येणारं भाडं धरा, माल तपासायला ठेवावा लागणारा माणूस धरा, सील खराब निघाला तर थांबणारी लाईन धरा, मग बघू कोण स्वस्त पडतं ते.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "यशश्री, तू म्हणतेस ते सगळं 'तर' आहे. खराब निघाला तर, लाईन थांबली तर. रेट मात्र आज कागदावर आहे. मी 'तर'चे पैसे देत नाही. आणि हो, त्या सानपांना अजून थोडं खाली आण."

तिने आणलं. एका फोनमध्ये आणलं. सानपांनी बदल्यात एवढंच मागितलं की दोन वर्षं साचा आपल्याकडून हलू नये. सर लगेच हो म्हणाले आणि करारावर कंपनीतर्फे यशश्रीने सही केली. सही करताना हात अडला नव्हता, कारण सगळ्यात कमी रेटवर सही करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. जास्त रेटवर सही केली, की शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा मनात म्हणतो, हिला काय मिळालं असेल?

पहिला माल चांगला आला. पुढचा बरा. त्यानंतर सील फाटू लागले. निवडायला दोन बायका बसवल्या, तरी पंप गळून परत येतच राहिले. गंमत अशी, की भाडं एका खात्यात जाई, निवडणाऱ्या बायकांचा पगार दुसऱ्या आणि दुरुस्ती तिसऱ्या. खरेदीच्या खात्यात नुसती बचत दिसे. त्या बचतीबद्दल वार्षिक बैठकीत यशश्रीला पुष्पगुच्छ मिळाला. तो हातात धरून ती फोटोला उभी राहिली.

आणि मग ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारणीत धोंडीरामच्या पंपाचा सील फुटला. धोंडीराम दिंडोरीकडे रोजाने फवारणीला जाणारा माणूस. दाबातलं औषध थेट त्याच्या तोंडावर उडालं. कंपनीने यशश्रीला दवाखान्यात पाठवलं, फळं घेऊन. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. बायको लंकाबाई कॉटच्या पायथ्याशी बसलेली. ती रडली नाही, भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "ताई, पंप कवा नीट करून भेटल? लोकांच्या बागा खोळंबल्यात. दुसरा माणूस धरतील मग."

त्या भेटीनंतरच सरांनी साचा परत आणायचं ठरवलं, आणि म्हणून ती आज इथे होती.

"सानपभाऊ," ती म्हणाली, "माणसाचे डोळे जायची वेळ आली. तुम्हाला कळतंय ना?"

सानप उठले. "या माझ्यासंगं."

शेडमध्ये रबर तापल्याचा उग्र वास भरला होता. सहा-सात बाया डोक्याला रुमाल बांधून सीलांच्या कडा कातरत होत्या. कोपऱ्यात काळ्या भुकटीची पोती होती. सानपांनी मूठभर भुकटी तिच्यापुढे धरली.

"जुन्या टायरचा भुगा. रबरात मिसळतो. त्याशिवाय तुमच्या रेटमधी बसत नाय."

"नमुना दिलात त्यात हे नव्हतं."

"नमुना दिला तवा तुमचा फोन यायचा व्हता, मॅडम."

यशश्रीने भुकटीकडे पाहिलं.

"पहिल्या रेटमधी मी चांगला माल दिला असता," सानप म्हणाले. "तुम्ही आणखी खाली यायला लावलं. मी नाय म्हणायला पायजे व्हतं, पण मशीन बुक केली व्हती. तुमची ऑर्डर बघून बँकेनं कर्जाला हो म्हणलं व्हतं. आता साचा गेला तर मशीन बंद, या बाया घरी. लबाडी केली म्हणा, पण साचा सोडणार नाय. करारात हाय, दोन वर्षं."

टेबलाशी परत येऊन तिने सरांना फोन लावला. भुकटीचं सांगितलं. "सर, आपण यांना पहिला रेट देऊ या. भुकटी बंद होईल. आजपासून."

"रेट वाढणार नाही," सर म्हणाले. "पंपाची किंमत आपण त्याच हिशेबाने खाली आणली. डीलरांना छापून दिलीय. आता कुठून काढू? साचा घेऊन ये, बस."

"फाटक लावलंय सर. आणि करार त्यांच्या बाजूचा आहे."

"मग चिंतामणना विचार. ते घेतील का परत, बघ."

काकांनी फोन लगेच उचलला. सगळं ऐकून घेतलं. "यशश्री, साचा आणलास तरी दाबणार कोण? तुमचं काम गेलं तेव्हा माझे दोन कारागीर गेले. त्या मशिनवर आता दुसऱ्यांचं काम चालतं."

"काका, तुम्ही रागावलात."

"रागावलो असतो तर बरं झालं असतं. तू समजूत काढली असतीस. जागाच नाहीये गं माझ्याकडे."

तिने फोन ठेवला. चहा आला होता, त्यावर साय धरली होती. बाहेर सोमनाथ टेम्पोला टेकून उभा होता. त्याने लांबूनच हाताने विचारलं, काय झालं? तिने मान हलवली. साच्याशिवाय अंबडला जाता येत नव्हतं, साचा मिळत नव्हता, आणि मिळाला तरी न्यायला ठिकाण नव्हतं. तिचे वडील रामकुंडावर यजमानांचे विधी करायचे. इंजिनिअर झालेल्या लेकीचं त्यांना कौतुक. तिचा पुष्पगुच्छाचा फोटो त्यांनी घाटावर किती जणांना दाखवला असेल!

शेडमधलं मशीन धाडकन मिटलं आणि उघडलं. नवे सील बाहेर पडले. तेव्हा तिच्या डोक्यात आलं, आज संध्याकाळी मालाचा ट्रक निघणार होता. त्यातल्या प्रत्येक पंपात याच भुकटीचे सील होते. आणि आता तिला ते माहीत होतं.

तिने डिस्पॅचच्या दिनेशला फोन केला. "आजचा ट्रक सोडू नकोस."

"मॅडम, माल भरून झालाय. सरांनी सांगितलंय का?"

"मी सांगतेय. सीलमध्ये खोट आहे. तसं लिहूनही पाठवते, क्वालिटीला आणि सरांनाही."

तिने मोबाईलवर चार ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. सरांचा फोन यायला वेळ लागला नाही.

"काय चालवलंयस? सीझन आहे! डीलर दारात उभे आहेत!"

"सर, ते पंप माणसांच्या पाठीवर नाहीतर ट्रॅक्टरवर जाणार. माणूस शेजारीच असणार."

"प्रत्येक सील फाटत नाही, यशश्री."

"कुठला फाटेल ते मला ओळखता येत नाही. तुम्हाला येतं का?"

पलीकडून फोन कट झाला.

यशश्रीने टेबलावरचा कोरा कागद ओढला. पहिला रेट, भुकटी बंद, दर आठवड्याला कंपनीचं माणूस येऊन रबर तपासणार. खाली सही केली आणि कागद सानपांकडे सरकवला.

"सरांना मान्य हाय का हे?" सानपांनी विचारलं.

"माहीत नाही. नसेल तर उद्या माझ्या जागी दुसरं कुणी येईल. पण ही भुकटी उद्या इथे दिसली तर साचा राहील, ऑर्डर राहणार नाही."

सानपांनी कागद दोनदा वाचला. मग वॉचमनला हाक मारली. टेम्पो रिकामाच बाहेर पडला. सोमनाथ वाटेत एवढंच म्हणाला, "ताई, घरी सोडू का कंपनीत?" ती म्हणाली, "कंपनीतच."

सरांनी तिला काढलं नाही. काढून सील मिळणार नव्हते. नवा रेट त्यांना मान्य करावा लागला. भाडं आणि तपासणी मिळवली तर तो आता काकांच्या रेटच्या वर गेला होता, पण ते कुणी मोठ्याने म्हटलं नाही. थांबवलेल्या पंपांचे सील एकेक करून बदलले. तोवर निम्मा सीझन सरला आणि बरेच डीलर दुसऱ्या कंपन्यांकडे गेले. यशश्रीचा सहीचा अधिकार गेला, काम मात्र तेच राहिलं. नोकरी सोडावी असं तिला फार वाटलं. पण अंबडमध्ये कुठेही अर्ज केला तरी पहिला फोन देवव्रत सरांनाच जाणार होता. दर मंगळवारी ती घोटीच्या बसमध्ये बसे, रबर हातात घेऊन ताणून बघे आणि परत येई. सानप चहा देत, पण आता गप्पा मारत नसत.

धोंडीरामच्या एका डोळ्याला अंधुक दिसू लागलं. दुसऱ्याबद्दल डॉक्टर काही बोलेनात. दुरुस्त पंप यशश्रीने स्वतः पोहोचवला, तेव्हा तो लंकाबाईने ओढून आत घेतला. "आता फवारणीला मीच जाते," ती म्हणाली.

फेब्रुवारीत पंपाच्या ओतीव लोखंडी बॉडीसाठी तीन कोटेशनं आली. सरांनी फोनवरच विचारलं, "सगळ्यात कमी कोण?"

यशश्रीने नाव सांगितलं.

"ठीक आहे. त्यालाच दे."

"सर, अजून एक मिनिट," ती म्हणाली. "भाड्याचं आणि फुटून परत येणाऱ्या मालाचं सांगते." सरांनी फोन ठेवला नाही, आणि ती सांगू लागली.