पिंपातला उपास

पुष्पांजलीची एक खोड वच्छलाबाईला मुळीच खपत नव्हती. सून कामाला वाघीण, पण बोलायचं म्हटलं की दातखीळ. ओसरीतल्या निळ्या पिंपात तिने अळी मारणारे जंतू लावले होते. ती चिखलीच्या कॉलेजात शिकवायची, तिथूनच विरजण आणलं होतं. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी ओतलं, मग काही नाही. दारचं कुत्रंही उपाशी न ठेवणाऱ्या घरात ही कुठली रीत?

उंद्री गावात त्या वर्षी बीटी बियाणं असूनही बोंडअळीने कपाशी आतून खाल्ली. मधल्या ओळींतली तूर तेवढी उरली होती, तर तिच्याही शेंगांना भोकं पडू लागली. पुतण्या हिंमतराव विष फवारताना शेताच्या धुऱ्यावरच कोसळला होता. त्याला अजून धड दिसत नव्हतं. म्हणून हे पिंप.

त्या संध्याकाळी पुष्पांजली चिखलीहून आली ती पडल्या तोंडाने.

"मायक्रोस्कोपखाली पिंपातला थेंब पाह्यला. बीज धरलंच नाही. नुसते खाऊन राह्यले."

तिच्या नवऱ्याने, ज्ञानेश्वरने, फवारणीचा पंप ओढला. "मंग उद्या विषच मारतो."

"खातीन नाही त काय करतीन?" वच्छलाबाई म्हणाली. "रोज सकाळी गूळ टाकला म्या."

पुष्पांजली सासूकडे वळली.

"आत्याबाई, पोट भरलं की ते नुसते वाढतात. उपास पडला की एकेकाच्या आत आडभिंत पडते. एकीकडे माय, एकीकडे बारकी. बारकी निरोप धाडते, मी तयार हाव. मंग माय तिले पोटात घेते, पोसते, उलटा निरोप देते. एक जरी निरोप चुकला त काम तिथंच अडते. अळीचं पोट फाडणारं औषध तवाच मायच्या अंगात बनते. शेवटी माय फुटते, बीज सुटते."

"आता?"

"गूळ सरू द्या. दोन-तीन रोज."

"अळी थांबन का तवरोक?" ज्ञानेश्वर म्हणाला.

वच्छलाबाईने त्याच्या हातून पंप घेतला, कोठीत टाकला, कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

"चादरी काढा घरातल्या."

उजाडताच भाऊबंदांच्या बाया तुरीत होत्या. झाडाखाली चादर धरायची, बुंधा गदगदा हलवायचा, पडलेल्या अळ्या रॉकेलच्या पाण्यात. वच्छलाबाई सगळ्यांच्या पुढे. बोटं सोलली तरी बसली नाही, बसूही दिलं नाही. तरी नाल्याकडची तूर हातची गेलीच.

एका दुपारी पुष्पांजली बांधावरूनच म्हणाली, "धरलं बीज." ऊन उतरल्यावर कोठीतला पंप काढून, धुऊन पिंपातलं पाणी फवारलं. पुढच्या दिवसांत अळ्या काळ्या पडून शेंगांना लोंबू लागल्या.

जेवताना सून खाली मान घालून बसली होती. वच्छलाबाईने ताट सरकवलं.

"गूळ म्या टाकला. पण टाकू नका म्हनून सांगाले तुह्या तोंडाले कुलूप होतं काय वं? डोळ्याले न दिसनारे ते जीव, तेही निरोपाबगर पुढं सरकत नाहीत. नाल्याकडची तूर अर्धी माह्या हातानं गेली, अर्धी तुह्या मुकेपनानं. येत्या साली पिंप मी लावीन. तू जवळ बसून बोलत राह्य."