मामाच्या रायफलीचा नेम

बंदुका दुरुस्त करणारी बाई पाहिली की गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं आणि मग माझ्यामागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतं. मामाने तसं कधीच केलं नाही. कानस कशी धरायची इथपासून नेम कसा धरायचा इथपर्यंत सगळं त्यानेच मला शिकवलं होतं. त्यामुळे त्याने आपली जुनी शिकारी रायफल माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मला परीक्षेला बसल्यासारखं झालं.

"गोळ्या फार पसरतायत," तो म्हणाला. "गेल्या वर्षी शिकारी मंडळाच्या नेमबाजीच्या परीक्षेत कसाबसा पास झालो. यंदा नापास झालो तर हंगामभर जंगलात पाऊल टाकता येणार नाही. घरात बसून मी मरेन गं."

तो हे हसत म्हणाला, पण खरंच म्हणाला. म्हणून मी जीव ओतून काम केलं. नळीच्या आत तांब्याचा जुना थर बसला होता, तो काढला. दस्त्याचं लाकूड फुगून नळीला टेकत होतं, ते तासलं. ढिले स्क्रू आवळले. नळीच्या टोकावरचा बारीक काटा, ज्याला आम्ही माशी म्हणतो, तो चक्क डावीकडे सरकला होता. त्याच्यावर पिवळट डागही होता. कुठेतरी आपटली असेल असं म्हणून मी माशी मधोमध आणली. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून गोळ्या झाडल्या, तर सगळी भोकं कागदाच्या मध्यावर, एकमेकांना खेटून. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्याच दिवशी मामा तणतणत आला. "काय करून ठेवलंस? सगळ्या गोळ्या डावीकडे!"

कागद पाहिला. भोकं खेटूनच होती, पण डावीकडे. मी पुन्हा पिशव्यांवर मारून पाहिली. मधोमध. "रायफल सरळ आहे, मामा," मी म्हणाले. "मग मी वाकडा आहे का?" असं म्हणून तो पाय आपटत निघून गेला.

दोन-चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज अगदी खुशीत. "आपोआप बसली बघ नेमाला! परीक्षेआधी एकदा तेलपाणी कर."

आपोआप? आपोआप तर रायफलीला गंजसुद्धा चढत नाही. टेबलावर घेऊन बघते तर माशी पुन्हा डावीकडे, तोच पिवळट डाग. मी गोळ्या झाडल्या, त्या उजवीकडे गेल्या. माझं डोकं पार चक्रावलं. रायफल सरळ असली की मामाचा नेम चुकतो आणि वाकडी असली की लागतो! मी बुद्धी गहाण न टाकता माशी परत मध्यावर आणली आणि ती हलली तर कळावं म्हणून सुईने बारीक रेघ ओढून ठेवली. माशी रेघेवरून हलली नव्हती, तरी मामाची गोळी पुन्हा डावीकडे गेली. आता मात्र माझं पित्त खवळलं.

"मामा, मागच्या वेळी माशी सरकली कशी? तू घरी ठोकाठोकी करतोस का? खरं सांग!"

"मी? तुझ्या कामाला मी हात लावीन?" त्याचा चेहरा एवढासा झाला. रायफल तिथेच टाकून तो गेला. जाताना रस्ता ओलांडण्याआधी नेहमीसारखा सगळाच्या सगळा वळून उभा राहिला. ही त्याची शिकाऱ्याची ऐट, असं आम्ही सगळे म्हणायचो.

संध्याकाळी मामी आली. तिने पिशवीतून खलबत्त्यातला पितळी बत्ता काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"त्याच्यावर का ओरडलीस? मी ठोकते," ती म्हणाली.

मी बत्त्याचं पितळ माशीवरच्या पिवळट डागाशी ताडून पाहिलं.

"त्याची मान आखडलीय. गाल लाकडाला टेकतच नाही. डोळा बाजूला राहतो आणि जवळचं तर त्याला धूसरच दिसतं. त्याला वाटतं, आपण नीट धरलंय. मी मागे दुर्बीण घेऊन बसते ना? भोकं डावीकडे गेली की घरी येऊन थोडं ठोकते. बरीच वर्षं झाली."

"अगं, मग दस्ताच त्याच्या मानेला जुळवून देते की! आठवड्याचं काम आहे."

"आणि त्याला काय सांगशील? उद्या परीक्षा आहे. मान गेली हे कळलं तर तो परीक्षेलाच जाणार नाही."

"आणि जंगलात? उगाच गोळी भलतीकडे लागली म्हणजे?"

"जंगलात तो झाडतच नाही. नेलेली काडतुसं जशीच्या तशी परत आणतो आणि म्हणतो, आज काही दिसलंच नाही." मामीने बत्ता माझ्याकडे सरकवला. "त्याला तिथे नुसतं बसायचं असतं गं."

मला मामाचाही राग आला, मामीचाही आला आणि रडूही आलं. सरळ रायफल वाकडी करायची, हे कुठलं काम? पण मी बत्ता बाजूला सारला, माझी हातोडी घेतली आणि माशी डावीकडे नेली.

परीक्षेत मामाने कमाल केली. सगळी भोकं मध्यावर, एका नाण्याखाली झाकली जातील अशी. मंडळाच्या सेक्रेटरीने तिथल्या तिथे सही केली. मामाला काय करू आणि काय नको असं झालं.

"ही बघा, हिची करामत!" त्याने मलाच पुढे ओढलं. "ये, तू मार एक. सगळ्यांना बघू दे रायफल किती सरळ आहे ते."

मागे मामीच्या हातातली दुर्बीण खाली आली. नेहमीसारखा नेम धरला असता तर गोळी उजवीकडे गेली असती आणि मामाच्या नजरेतून ती सुटली नसती. मी रायफल खांद्याला लावली. मान ताठ ठेवली, गाल लाकडापासून वर, अगदी त्याच्यासारखा. अंदाजाने चाप ओढला. गोळी मध्याच्या कडेला लागली.

मामाने टाळी वाजवली आणि लगेच कपाळाला आठ्या घातल्या.

"लागली, पण ही कसली गं पद्धत? मान काय अशी खांबासारखी! गाल टेकवायचा नाही का? कुणी शिकवलं तुला असं?"

"तूच," माझ्या तोंडून निघून गेलं.

"ऐका हो ऐका, म्हणे मी शिकवलं!" मामा सेक्रेटरीच्या पाठीवर थाप मारून खो खो हसला. सेक्रेटरीही हसला. मामी पायाखालच्या मातीकडे बघत राहिली. मग मलाही हसावं लागलं.