भिंतीवरच्या खुर्च्या

दोनाताने चौथ्या घरातली चादर ताणून बसवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गुडघे सकाळपासून ठणकत होते. गल्लीत अकरा दारं, दहांना आकडे दाबून उघडणारी कुलपं. बारा महिने माणूस राहतो असं दार एकच, तिचं. बाकीच्या घरांत लोक येतात, दोन रात्री लोळतात, ओले टॉवेल जमिनीवर फेकून जातात.

हे चौथं घर नुन्झिया मावशीचं. मुलाने, मिकेलेने, ते रुज्जेरोला विकलं. रुज्जेरोने चुना खरवडून दगड उघडा केला आणि मावशीच्या गवती बैठकीच्या दोन खुर्च्या भिंतीवर स्क्रूने बसवल्या. शोभेला म्हणे! ज्यांवर बसून बाईने चाळीस उन्हाळे दारात शेंगा सोलल्या, त्या आता वर लटकल्या होत्या.

मावशी काल वारली, मिकेलेच्या नव्या वस्तीतल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी. आज साडेतीनला तिला अंत्यप्रार्थनेसाठी देवळात नेणार होते. गावाची रीत अशी की वाटेत शवपेटी मेलेल्याच्या दाराशी थांबते. दार सताड उघडं असतं, आणि पेटी त्याच घरातल्या दोन खुर्च्यांवर टेकवतात. घर सोडताना मावशीने दोनाताचा हात धरला होता. "मला चौथ्या मजल्यावरून थेट देवळात नेऊ देऊ नकोस गं. आधी घरी आण." दोनाता हो म्हणाली होती.

फोन वाजला. रुज्जेरो.

"दोनाताताई, पाहुणे तीनला येतायत. ती मिरवणूक खालच्या रस्त्याने घालायला सांगा."

"मिरवणूक नाही रे, मयत आहे."

"तेच ते! सुट्टीला आलेल्या माणसाला दारात पेटी दाखवायची? नेटवर एकच तारा दिला त्यांनी मला तर?"

"मेलेल्यांना तारे देता येत नाहीत, नशीब समज. मावशीने तेवढाही दिला नसता."

"जीभ आवरा. दार उघडलंत तर उद्यापासून दुसरी बाई बघतो. चारही घरांना."

तीनला पाहुणे आले. उन्हाने लाल झालेलं एक जोडपं. दोनाताने त्यांना कुलपाचे आकडे सांगितले, पाणी कुठे ते दाखवलं, आणि घरी न जाता पायरीवरच बसली. निर्णय वगैरे काही घेतला नव्हता. उठायचं त्राण नव्हतं एवढंच.

घंटा वाजली. चौघेजण धापा टाकत पेटी घेऊन चढ चढून आले. पुढे मिकेले.

"दोनाता, खुर्च्या? तुझ्या घरातल्या आणू?"

"माझ्या खुर्च्यांवर टेकवलीस तर तुझी आई पाहुणी ठरेल. विकताना नाही लाज वाटली, आता तरी वाटू दे."

खांदेकऱ्यांतला एक कण्हला, "भांडण नंतर करा हो, खांदा निखळला माझा!"

दोनाता उठली. दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत ढकलल्या, स्वयंपाकघरातली बटाट्याची सुरी घेतली आणि चपलांसकट रुज्जेरोच्या पांढऱ्या सोफ्यावर चढली. पाहुणीने किंकाळी फोडली. पाहुणा आपल्या भाषेत काहीतरी ओरडला, मग त्याची नजर दाराबाहेर गेली. तो पुढे आला आणि खालून खुर्चीचा पाय धरला.

स्क्रू गंजलेले होते. एक फिरला, दुसऱ्याने दोनाताचा अंगठा कापला. पण दोन्ही खुर्च्या खाली उतरल्या.

पेटी टेकली. जुनं गवत करकरलं, पण तुटलं नाही. मावशी आपल्या दाराशी, आपल्या खुर्च्यांवर होती. मिकेले उंबऱ्यापर्यंत आला, आत मात्र पाऊल टाकवेना त्याला.

पाचेक मिनिटांनी पेटी उचलली, आणि माणसं देवळाच्या वळणाआड गेली. खुर्च्या गल्लीतच राहिल्या. आत भिंतीला चार भोकं, सोफ्यावर काळी पावलं.

दोनाताला देवळापर्यंतचा चढ झेपणार नव्हता. तिने एक खुर्ची दाराशी सरकवली आणि बसली. फोन वाजू लागला. पडद्यावर रुज्जेरोचं नाव.

तिने चपला काढल्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब केले. फोन वाजत राहिला.