बुटक्याची खाच

आमच्या घरात एक विनोद आहे. कुणाची किल्ली हरवली, चष्मा सापडेनासा झाला, की कुणीतरी म्हणतं, "हळू बोला, मोठ्या काकूंच्या कानावर गेलं तर विमान थांबवतील." मग सगळे हसतात. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ते जास्त हसतात. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं, पण हा विनोद आला कुठून हे त्यातल्या एकालाही धड माहीत नाही.

माझे यजमान विमानांचे मेकॅनिक होते. त्यांच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, ज्याची त्याची हत्यारांची पेटी असे. यांची पेटी लाल पत्र्याची, चार खणांची होती. वरच्या खणात स्क्रू ड्रायव्हर, सगळे उंचीप्रमाणे, शाळेतल्या रांगेसारखे. त्याखाली पाने, बोटाएवढ्यापासून हातभर लांबीच्या पान्यापर्यंत. तिसऱ्या खणात पकडी, आणि वाकून दिसत नाही तिथलं बघायचा दांडीचा आरसा. सगळ्यांत खाली हातोड्या आणि जड सामान. कुठलंही हत्यार दुसऱ्याला टेकलेलं नसे. खणात फोमचे दोन थर असत, खाली पिवळा आणि वर काळा. काळ्या थरात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली असे. हत्यार उचललं की खालचा पिवळा रंग दिसे. संध्याकाळी खण ओढायचा आणि नुसती नजर टाकायची. कुठे पिवळं दिसलं, तर काहीतरी बाहेर राहिलं आहे.

आणि बाहेर राहिलेलं विमानात असू शकतं. विमानाच्या पोटात, शेपटीत तारा असतात, त्या ओढल्या की शेपटीची फळी हलते आणि विमान वर-खाली होतं. त्या तारांमध्ये एक स्क्रू ड्रायव्हर अडकला तर काय होईल हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. म्हणून नियम असा होता, की पेटीत पिवळं दिसलं तर विमानाला लाल पट्टी बांधायची. हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलणार नाही.

त्या खाचा मी कापायची. यांचा हात पोलादावर बसलेला, फोमवर नाही. फोमला शिवणाऱ्या बाईचा हात लागतो. वर्षा-दोन वर्षांनी फोम कुरतडल्यासारखा होई, मग हे पेटी घरी आणत. मी स्वयंपाकाचं टेबल पुसून एकेक हत्यार फोमवर ठेवून पेन्सिल फिरवायची आणि सुरी गरम करून कापायची. हे शेजारी बसून दर वेळी तेच सांगत: सैल नको, हत्यार खुळखुळता कामा नये. आमच्या संसारात आम्ही दोघं मिळून केलेलं असं काम हे एकच. मला ते फार आवडायचं.

घरात तेव्हा सासूबाई, आम्ही दोघं, आणि माझे धाकटे दीर व त्यांची बायको. दीर यांच्याच हँगरमध्ये नवीन लागले होते, अजून कायम झाले नव्हते. जाऊबाईंना दिवस गेलेले. भावजी स्वभावाने गोड. भावाच्या पेटीत मात्र न विचारता हात घालायचे. त्यांच्या स्वतःच्या पेटीची कळा भंगारवाल्याच्या हातगाडीसारखी होती.

एका शुक्रवारी हे उशिरा घरी आले. त्यांच्या पेटीत दुपारी पिवळं दिसलं होतं. बुटका नव्हता. बुटका म्हणजे मुठीत मावणारा स्क्रू ड्रायव्हर, अडचणीच्या जागी घालायचा. भावजींनी तो शेपटीच्या कामाला नेला होता, आणि परत ठेवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. विमानाला लाल पट्टी लागली, पाळीवरची सगळी माणसं शोधत बसली. शेवटी भावजींनाच तो एका ट्रॉलीच्या चाकामागे सापडला. पट्टी सुटली, चहा झाला, मंडळी घरोघरी गेली. विमान शनिवारी संध्याकाळी माणसं घेऊन निघणार होतं.

हे सगळं भावजींनीच रंगवून सांगितलं. यांनी मान खाली घालून जेवण केलं. मला वाटलं, थकले असतील.

फोम जुना झाला होता म्हणून पेटी त्या रात्री घरीच होती. शनिवारी दुपारची जेवणं आटोपली आणि मी टेबल पुसून कामाला बसले. हे आतल्या खोलीत आडवे झाले होते. हत्यारं काढायच्या आधी मी जुन्या खाचा बघत होते, कुठे सैल झाल्या ते. बुटक्याच्या खाचेशी हात थांबला. त्याचं बूड वर आलं होतं.

आमच्या बुटक्याच्या मुठीचा मागचा भाग पूर्वी एकदा तुटला होता. यांनी तो कानशीने घासून सपाट केला होता, आणि मी खाच तेवढीच आखूड कापली होती. या बुटक्याची मूठ पुरी होती. खाचेत तो दाबून बसवलेला होता. उचलून बघितलं. यांच्या प्रत्येक हत्यारावर कानशीच्या तीन रेघा असत. यावरही होत्या. पण यांच्या रेघा तेलाने काळ्या पडलेल्या, आणि या चकाकत होत्या, आदल्या दिवशी ओढल्यासारख्या. आदल्या दिवशीच ओढलेल्या.

 आधी भीती वाटली. राग मागून आला, पण आला तो अजून गेलेला नाही.

मी आतल्या खोलीत गेले. हे जागेच होते.

"अहो, हा कुणाचा?"

"आपलाच."

"हातात घ्या नि सांगा."

त्यांनी हात पुढे केला नाही. पांघरूण नीट करायला लागले. तेव्हा मला कळलं, की ह्यांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर भावाने तो हातात दिला तेव्हाच ठाऊक झालं होतं. ज्या माणसाला अंधारात बोटांनी स्वतःचा पाना ओळखता येतो त्याला हा परका हे कळणार नाही? कळलं, आणि त्यांनी तो खाचेत दाबून बसवला. बाजारातून आणणारा धाकटा. बसवणारा थोरला.

मला धाकट्याचा इतका राग आला नाही. तो घाबरला होता, आणि घाबरलेलं माणूस काहीही करतं. पण हे? खाच खुळखुळता कामा नये म्हणून माझ्याकडून फोम दोन-दोनदा कापून घेणारे हे?

ते म्हणाले, शेपटीत नसेल गं, असता तर मिळाला असता, इतकी माणसं शोधत होती. मी म्हटलं, मग संध्याकाळी जिन्याशी उभे राहा आणि चढणाऱ्या एकेका माणसाला तसं सांगा, की बहुधा नसेल. त्यांनी कूस बदलली. मी म्हटलं, उठा, कपडे करा, जाऊन सांगून या. ते उठून बसले, पण तेवढंच. म्हणाले, त्याची नोकरी जाईल.

आमचे आवाज वाढले तशा सासूबाई आल्या. मागोमाग भावजी, आणि दाराशी पोट धरून जाऊबाई. सासूबाईंना दोन वाक्यांत सगळं समजलं. त्या हुशार होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"मूठ आपली असेल," मी म्हटलं, "विमान आपल्या घरातलं नाही."

सासूबाईंना मी उलट बोलले ते पहिल्यांदा. भावजी रडायला लागले. ते शपथा घेत होते, वहिनी, मी सगळीकडे बघितलं, शेपटीत नाहीच, कुठेतरी गटारात गेला असेल. मी विचारलं, गटारात बघितलं का? तर नाही. मग गटाराचं नाव कशाला घेता? त्यांनी माझे पाय धरायचा प्रयत्न केला. मी पाय मागे घेतले. जाऊबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेच सगळ्यांत अवघड होतं.

मी यांच्याकडे वळून शेवटचं विचारलं, येता का. त्यांनी आईकडे बघितलं. आयुष्यात मी त्यांच्या पुष्कळ गोष्टी पोटात घातल्या, पण ते बघणं नाही.

फोमचा तो तुकडा सुरीने कापून घेतला. तो आणि बुटका भाजीच्या पिशवीत टाकला आणि निघाले. मागून सासूबाई म्हणाल्या, उंबरा ओलांडलास तर बघ. बघायला मी थांबले नाही.

हँगरच्या फाटकावरचा पहारेकरी मला सोडेना. डबा द्यायचा असेल तर इथे ठेवा म्हणाला. मी म्हटलं, डबा नाही, तपासनीसांना बोलवा. हँगरमध्ये या तपासनीसांना सगळे भिंग म्हणत. प्रत्येक कामावर शेवटची नजर त्यांची. माणूस तुसडा. मेकॅनिक त्यांच्यापुढे शिंकायलाही घाबरायचे. ते भर उन्हात फाटकापर्यंत आले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मीच एखादा ढिला नट आहे.

मी काही समजावत बसले नाही. फोमचा तुकडा पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवला आणि बुटका खाचेत घातला. बूड वर राहिलं. त्यांनी तो काढला, रेघांवर अंगठा फिरवला, पुन्हा घातला. मग पहारेकऱ्याचा फोन ओढून घेतला आणि म्हणाले, "पट्टी लावा. आत्ताच्या आत्ता."

मला म्हणाले, घरी जा. आभार नाहीत, शाबासकी नाही. त्यांचं बरोबर होतं. शाबासकी कशाची? हे काम माझं नव्हतंच मुळी. ज्याचं होतं तो पांघरूण घेऊन घरी बसला होता.

विमान त्या संध्याकाळी गेलं नाही. प्रवासी खोळंबले, कंपनीच्या लोकांनी शिव्या खाल्ल्या. शेपटीचे सगळे पत्रे काढले, तारा मोकळ्या केल्या, दांडीचे आरसे घालून कानाकोपरा बघितला. रविवारी दिवसभर बघितला. बुटका मिळाला नाही. विमानात नाही, हँगरमध्ये नाही, गटारातही नाही. आजपर्यंत कुणाला मिळालेला नाही.

झालं. यावरच सगळ्यांनी मला धरलं. भावजींना काढून टाकलं. यांना विमानावरून हलवून चाकं दुरुस्त करायच्या खोलीत बसवलं. पेटी काढून घेतली. सासूबाई धाकट्याबरोबर दुसऱ्या घरी राहायला गेल्या. जाताना जाऊबाई एवढंच म्हणाल्या, नव्हतंच ना काही तिथे, मग कुणासाठी आमचा संसार उसवलात? हे कित्येक दिवस माझ्याशी गरजेपुरतं बोलत. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शेवटी काही निघालं का त्यातून?"

"नाही निघालं, हे आत्ता माहीत झालं," मी म्हटलं. "शनिवारी तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी ताट सरकवलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मरेपर्यंत दिलं नाही. पुढे बोलणं सुरू झालं, चांगले दिवसही आले, त्यांच्या आजारपणात मी रात्रंदिवस उशाशी बसले. माणूस वाईट नव्हता. पण उत्तर राहिलंच.

भावजींनी पुढे पत्र्याच्या कपाटांचं दुकान टाकलं, ते चाललं. माणसं विसरतात, निदान एकमेकांच्या घरी जेवण्यापुरती विसरतात. तो विनोद त्यांनीच काढला. चार माणसांत माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणायचे, वहिनींनी नसलेल्या स्क्रू ड्रायव्हरसाठी असलेलं विमान थांबवलं. लोक खो खो हसायचे. मी वाढत राहायची.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीने, म्हणजे तेव्हा पोटात होती तिने, त्यांना विमानाचं तिकीट पाठवलं. ती लांबच्या शहरात राहते. आगगाडीने दोन रात्री लागतात, विमानाने जेवणाच्या आत पोचता येतं. तिच्याकडे सगळे जमायचे होते. आदल्या आठवड्यात आम्ही भावजींकडे बसलो होतो. ते म्हणाले, मी आपला गाडीनेच जातो, विमानात कान दुखतात. त्यांच्याजवळ राहणारा नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही विमानात कधी बसलातच नाही, कान दुखतात हे कसं कळलं? भावजी म्हणाले, गुडघे मुडपून बसवत नाही. मग म्हणाले, हवा मानवत नाही.

मी त्यांच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत माझ्या कसं लक्षात आलं नाही? मुलीच्या लग्नाला गाडीने. तिच्या बाळंतपणाला गाडीने. सासूबाई अत्यवस्थ होत्या तेव्हा भावजी कामासाठी परगावी होते. सगळे विमानाने या म्हणत असताना ते गाडीने आले आणि आईच्या तोंडात पाणी घालायला पोचले नाहीत.

"भावजी," मी म्हटलं, "शेपटीत काही नव्हतं ना?"

खोलीतली पोरं हसायला लागली. त्यांना वाटलं, काकूंनीच आज विनोद काढला. भावजी हसले नाहीत. हातातला कप त्यांनी बशीत ठेवला.

"नव्हतं," ते म्हणाले.

"मग बसा की विमानात. मी येते शेजारी."

त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी नजर काढून घेतली.  मग त्यांनी नातवाला सांगितलं, गाडीचं तिकीट बघ रे, खालची बर्थ मिळते का.

मी विमानाने गेले. खिडकीशी बसले होते. पंखाचा पत्रा आणि त्यावरचे स्क्रू दिसत होते, आणि ज्याने ते घट्ट केले असतील त्याला मी ओळखत नव्हते. कोण जाणे त्याच्या घरी कोण आहे. पट्टा बांधला आणि डोळे मिटून घेतले.