शेऱ्याचा रकाना

"आत्या, तू फक्त सही करायची. बाकी सगळं माझ्यावर सोड," असं भाचा आठवडाभर सांगत होता, आणि आठवडाभर आत्या काही ना काही कारण काढून ते टाळत होती.

भाच्याला घराण्याचा वंशवृक्ष काढायचं वेड लागलं होतं. भल्यामोठ्या कागदावर त्याने आजोबांच्या खाली दोन चौकोन आखले होते, एक त्याच्या वारलेल्या वडिलांचा आणि एक आत्याचा. आता दोघांच्या जन्मनोंदींच्या नकला हव्या होत्या. वडिलांची मिळाली. आत्याची मात्र, ज्याची नोंद त्याने स्वतः यावं असा कार्यालयाचा नियम, म्हणून अडली होती.

आत्याने चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात काढली. "नोंद आजच्या आज करून या, उद्या लेकराला कोण ओळखणार?" असं तिने किती नव्या बापांना दटावलं असेल, त्याला गणती नाही. आणि तिची स्वतःची नोंद जगातल्या कुठल्याही वहीत नव्हती.

हे तिला आईने शेवटच्या आजारपणात सांगितलं. तिच्या आधी एक मुलगी झाली होती, ती अकरा महिन्यांची होऊन गेली. दोन वर्षांनी ही जन्मली, तर हिच्याही कानामागे तसाच तीळ. बाबा म्हणाले, तीच परत आली. नावही तेच ठेवलं. परत आलेल्या लेकीची पुन्हा नोंद कशाला करायची? शाळेच्या वेळी ट्रंकेतला जुनाच दाखला निघाला. त्यावर शाळा झाली, नर्सिंग झालं, नोकरीही झाली. आईला मात्र एक खोड होती. ती लेकीला हाक मारायची ती नेहमी दोनदा. पहिल्या हाकेला ओ दिली तरी दुसरी मारायचीच. "अगं, आले ना!" म्हणून ही चिडायची.

आज तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस, एवढं देवाला रोज सकाळी सांगायचं, हा आत्याचा जुना नेम. तरी प्रत्येक अर्जावर जन्मतारीख लिहिताना तिचा हात आखडायचा. आणि आज तर वहीच उघडणार होती. खोट्या कागदावर नोकरी केली म्हणतील. पेन्शन जाईल, चारचौघांत नाक कापलं जाईल.

रेकॉर्डच्या खोलीत जुन्या कागदाचा कोंदट वास होता. चष्मेवाल्या कारकून बाईंनी दोन्ही हातांनी उचलून वही टेबलावर ठेवली.

"जपून हं. ही माझ्यापेक्षा म्हातारी आहे. पान जोरात उलटलं तर कंबर मोडते तिची."

भाचा हसला. आत्याचे डोळे पानाच्या उजव्या कडेला खिळले होते. तिथे शेऱ्याचा रकाना असतो, हे तिला ठाऊक होतं.

"सापडली! वडिलांचं नाव बरोबर. आईचं बरोबर. मुलीचं..." बाईंचं बोट उजवीकडे सरकलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "अहो, ही तर गेली! अकरा महिन्यांची असताना. लाल शाईत मयत लिहिलंय."

"म्हणजे आत्या, तू भूत की काय?" भाचा खो खो हसला.

"तीच नावं असलेलं दुसरं कुटुंब असेल. होतं असं," बाई म्हणाल्या. "पुढच्या वहीत बघू."

"मग हे आपले नव्हेत. खोडतो मी." त्याने पेन्सिलीने टिपलेला नोंदीचा क्रमांक पुसायला खोडरबर काढलं.

बाईंनी वहीच्या पुठ्ठ्याला हात घातला. सुटले, आत्याच्या मनात आलं. फक्त गप्प राहायचं, आणि गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. पुठ्ठा उचलला गेला. त्या पिवळ्या पानावर सावली पडली, आणि दारात उभी राहून दुसरी हाक मारणारी आई तिच्या डोळ्यांसमोर आली.

"मिटू नका!"

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"ती माझी ताई. माझी नोंद झालेलीच नाही."

"आत्या, काय बोलतेस! गप्प बस," भाचा पुटपुटला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

बाईंचा सूर बदलला. "नोकरी करत होतात?"

"सरकारी दवाखान्यात."

"कोणत्या दाखल्यावर?"

आत्याने बोट त्याच ओळीवर ठेवलं.

"ऐकलं नाही असं मला आता करता यायचं नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "उशिरा नोंदीचा अर्ज करा. चौकशी लागेल, वरपर्यंत जाईल. पुढचं मी सांगू शकत नाही. जन्माच्या वेळचं कोणी साक्षीला आहे?"

"होती. आई."

असले हजारो फॉर्म आत्याने न बघता भरले होते. आज घामाने पेन दोनदा निसटलं. खरी तारीख लिहिताना तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. भीती काही हलली नाही, छातीत तशीच बसून राहिली.

बाहेर बाकावर बसल्यावर भाच्याने कागद मांडीवर पसरला. आजोबांच्या खाली त्याने पेन्सिल टेकवली. मग म्हणाला, "तिचा चौकोन कुठे काढू?"

"माझ्या आधी. मोठी आहे ती."

खिडकीतून तिच्या नावाची हाक आली. ती उठली. ताईच्या नोंदीची नकल हातात घेतली. नकलेवर लाल शेरा तसाच होता. ती वळली.

"थांबा, अजून एक आहे," बाई म्हणाल्या. अर्जाची पोचपावती डोळ्यांसमोर धरून, सवयीने, त्यांनी तेच नाव पुन्हा मोठ्याने पुकारलं.

"आले," आत्या म्हणाली.