कोरडे हात

टप्.

बाल्कनीतल्या दोरीवरून एक थेंब खालच्या टबात पडला. सगळं घर झोपलेलं, त्यामुळे तेवढाही आवाज मोठा वाटला. दोरीवर हातमोजे वाळत होते. पांढरे, सुती, लहान मुलांच्या मापाचे, बोटं खाली करून चिमट्यांना लटकलेले. ती एकेक चाचपून बघत होती. अजून ओलसर होते. ते तिला बरंच वाटलं.

"आज माशांकडे लग्न आहे का?" नवरा उशीवरूनच म्हणाला. "इस्त्री मारून देतो, सांग. नाहीतरी घरीच बसलोय."

कारखाना बंद पडल्यापासून तो असंच काहीबाही बोलायचा आणि ती हसायची. आज हसू फुटलं नाही.

"आज फोटोवाले येणारेत," ती म्हणाली. "बटणला उठवा. साहेबांनी तिलाच आणायला सांगितलंय."

बटण म्हणजे त्यांची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बटण, आणि आता पहिलीत गेली तरी बटणच.

तलावावरच्या निसर्ग केंद्रात ती दर रविवारी मुलांना शिकवायची. गळ कसा टाकायचा, पाण्याच्या खोलीचा अंदाज कसा घ्यायचा, कुठला पक्षी कुठल्या झुडपात अंडी घालतो. मुलं तिला गळताई म्हणायची. पकडलेला मासा घडीभर बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हा तिथला नियम. त्याआधीचा नियम तिचा स्वतःचा: आधी हात पाण्यात बुडवायचे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं पांघरूण. कोरडा हात लागला की ते निघून येतं.

मग हातमोजे आले. मुलांच्या हातांना वास येतो, अशी आईबापांची तक्रार होती. कुठल्याशा कंपनीने हातमोजे दिले, पाठीवर आपलं चिन्ह छापून.

"साहेब, सुती कापड तर हातापेक्षा वाईट," ती तेव्हा म्हणाली होती. "सगळं पुसून निघेल."

"लगेच मरतो का मासा?"

"लगेच नाही. पोहत जातो. मग चार-सहा दिवसांनी उघड्या अंगावर बुरशी..."

"तोवर पोरं आपापल्या घरी असतात ना?" साहेब वाईट माणूस नव्हता. वरून आलेलं खाली सांगायचा, एवढंच. "ताई, तुमचं पुढच्या वर्षाच्या कामाचं मी अजून वर कळवलेलं नाही. त्यात हे कशाला काढता?"

तिने काढलं नाही. फक्त आदल्या रात्री हातमोजे धुवायचे आणि ओलसरच न्यायचे, एवढी पळवाट तिने स्वतःपुरती शोधून ठेवली. पुरेशी नाही, हे तिला कळत होतं.

फोटोच्या दिवशी बटणच्या गळाला मासा लागला. चंदेरी, शेपटीचं वरचं टोक तुटलेला. बटण घाबरून आधी ओरडली, मग हसली, मग दोन्ही एकदम.

"थांबा, थांबा," फोटोवाला म्हणाला. "हे मोजे ओले दिसतायत. चिन्ह काळं पडतंय."

साहेबांनी नवं पाकीट फोडलं. करकरीत, कोरडी जोडी. तिनेच ती मुलीच्या हातांत चढवली. बोटं एकेक करून नीट बसवली, शाळेत जाताना गणवेशाची बटणं लावते तशी.

"आई, पण हात आधी पाण्यात घालायचे ना?" बटणने खणखणीत आवाजात विचारलं. रांगेतल्या सगळ्या मुलांनी माना वळवल्या. साहेबही बघत होते.

पाणी पावलाशीच होतं. वाकायचाच काय तो अवकाश.

"आज राहू दे," ती म्हणाली.

फोटोवाल्याला घाई नव्हती. असं धर, तसं धर, घट्ट धर, हास. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. शेवटी सोडला तेव्हा शेपटी हलवून तो खोल गेला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. "घरी जा रे," बटण त्याला म्हणाली.

आठवडाभर घरात तोच विषय.

"पोचला असेल का?"

"पोचला असेल."

"त्याच्या आईने विचारलं असेल, कुठे होतास?"

"झोप आता."

फोटो सुरेख आला. केंद्राच्या फाटकावर मोठा करून लावला. तिचं पुढचं वर्षही पक्कं झालं. ते ऐकून नवऱ्याने चहा टाकला आणि विनोद केला नाही.

पुढच्या रविवारी ती बटणला घेऊन नेहमीसारखी लवकर पोचली. मुलांची बस यायच्या आत नावाडीकाका काठाने जाळी फिरवतात. मेलेले मासे मुलांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. ते होईपर्यंत बटणला आत कचेरीत बसवायचं, असं ठरलेलं होतं. पण फाटकावर स्वतःचा फोटो बघून बटणने हात सोडवला आणि ती पळतच सुटली. "मी माझा मासा बघून येते!"

"अगं, थांब!"

काका वेताच्या झुडपाशी वाकले होते. पोरीला बघून त्यांनी जाळी पाठीमागे घेतली, पण त्यांना उशीर झाला होता.

"हा माझाच," बटण म्हणाली. "शेपूट बघा."

"नाही गं बाळा," काका म्हणाले. "अशा शेपटीचे पुष्कळ असतात. जा, तुझी आई बोलावतेय."

ती पोचली तेव्हा बटण उकिडवी बसली होती. मासा काठावरच कुशीवर पडला होता. त्याच्या पाठीपासून पोटापर्यंत कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती, पण सगळीकडे नाही. चार छोटे पट्टे शेजारी शेजारी, आणि पलीकडे एक आखूड, जाड.

काकांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते पाण्याकडे बघत राहिले. दूर फाटकाशी पहिल्या बसचा हॉर्न वाजला.

बटणने आपला तळवा माशावर अलगद धरला, न टेकवता. मग बोटं थोडी फाकवली. पट्टे झाकले गेले.

"आई," तिने वर बघितलं, "हा माझा हात आहे का?"