मालनबाईंचा अंगठा

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा आहे, आवाज फाटका आहे, आणि पाठीवर बोट ठेवायची जी गोल जागा असते तिचा रंग पार उडून गेला आहे. मित्रांनो, ही रंग उडालेली जागा तेवढी लक्षात ठेवा. आयुष्यात मिरवावं असं माझ्याकडं तेवढंच आहे, आणि माझी सगळी चीडही तिथूनच सुरू होते.

माझा जन्म कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मी काही सांगत बसणार नाही, तिथं सगळेच सारखे जन्माला येतात. मला खरी जाग आली ती नळदुर्गात, हायवेच्या कडेला असलेल्या विरेशच्या दुकानात. तिथून मला अमरदीपनं घेतलं. अमरदीप लोहाऱ्याचा. एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, चार माणसं उभी राहिली की भरणारं. पोरगा हुशार, जीभ तिखट, आणि ग्राहकाच्या तोंडावर खरं सांगायची खोड. एक दिवस त्यानं मला पाण्याच्या तांब्याला टेकवून उभं केलं आणि विरेशकडून मागून आणलेल्या एका नव्या मोबाइलची उणीदुणी माझ्यासमोर काढायला बसला. असं त्याचं चॅनेल सुरू झालं. नाव ठेवलं, 'जे हाय ते हाय'.

शहरातले लोक मोबाइलची परीक्षा घेतात ती खेळ किती पळतात आणि फोटो किती गोरे येतात ह्याची. अमरदीपच्या परीक्षा निराळ्या होत्या. भर उन्हात रानात उभं राहिलं तर नंबर दिसतो का, मळणी यंत्राशेजारी समोरच्याचं बोलणं ऐकू येतं का, शेणामातीच्या हातानं घेतला तर टिकतो का. आणि सगळ्यात शेवटी, आईचा अंगठा.

आई म्हणजे मालनबाई. ह्या बाईंचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या रानात गेलं. खुरपणी, कांदे काढणं, उडीद उपटणं, सोयाबीनची काढणी. मातीनं आणि विळ्यानं त्यांचा उजवा अंगठा असा घासून काढला आहे की त्यावरच्या रेषा जवळजवळ पुसून गेल्या आहेत. वर मधोमध विळ्याचा एक आडवा वण. रेशनच्या मशीनला हा अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, पुसून ठेवा, दाबून ठेवा, जरा थांबून ठेवा. मागची रांग चुळबुळ करते. कधी एकदाचा उमटतो, कधी बाई रिकामी पिशवी घेऊन घरी येतात आणि वर स्वतःलाच बोल लावतात, "माज्यातच खोट हाय."

नवा होतो तेव्हा मलाही तो अंगठा कळला नव्हता, उगाच बढाई कशाला मारू? पण अमरदीपनं तो एकच अंगठा मला पुन्हा पुन्हा दाखवला. सरळ, तिरपा, कडेनं, वणासकट. शेवटी मला तो पाठ झाला. मालनबाईंनी अंगठा ठेवला, मी उघडलो, आणि बाई लहान मुलीसारख्या हसल्या. सुनेला हाक मारून म्हणाल्या, "क्षमा, बघ गं, ह्यानं मला वळखलं!"

मित्रांनो, मला आजवर कुणी एवढ्या आनंदानं हातात धरलेलं नाही.

तेव्हापासून जो जो मोबाइल परीक्षेला आला, त्याच्यावर मालनबाईंचा अंगठा ठेवला गेला. जो उघडला तो पास. जो उघडला नाही त्याला अमरदीप सरळ बाजूला सारायचा, "माझ्या आईला वळखत न्हाय, आपल्या काय कामाचा?" ही परीक्षा लोकांना फार पटली. लोहाऱ्यापासून येरमाळ्यापर्यंत असे घासलेले अंगठे घरोघरी आहेत. विरेशच्या दुकानात माणसं यायची, मोबाइल हातात घ्यायची आणि परत ठेवून म्हणायची, आधी मालनबाईंचा अंगठा काय म्हणतो ते बघू.

आणि मग एका नव्या मोबाइलची हवा झाली. कंपनीचं नाव मी घेणार नाही, मला त्या घराण्याशी भांडण नको. जाहिरातीत म्हटलं होतं, ह्याची बोट ओळखायची जागा काचेच्या खाली आहे आणि कष्टकऱ्याचा कसलाही हात तो ओळखतो. झालं! जो तो विचारायला लागला. अजून बाजारात यायचा होता, पण शहरातल्या काही लोकांना तो आधीच मिळणार होता आणि त्यांचं मत बाजारात यायच्या दिवशीच कळणार होतं. लोक म्हणाले, त्यांचं मत गेलं उडत, आमचा अमरदीप काय म्हणतो? नेमकं त्याच आठवड्यात कंपनीकडून अमरदीपला निरोप आला की एक मोबाइल तुम्हालाही आधी पाठवतो, गुरुवारी सकाळी मत सांगा, त्याच्या आत ब्र काढू नका.

अमरदीपचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तीन वर्षं तो विरेशच्या उपकारावर परीक्षा घेत होता, आणि आता दारात आपण होऊन मोबाइल येणार होता. वाट पाहायची ती माझ्यावरच. पार्सल कुठवर आलं हे तो दिवसातून कितीदा माझ्यात बघायचा. पुण्यात आलं. सोलापुरात आलं. नळदुर्गात आलं. सवतीच्या स्वागताला रांगोळी काढायला बसवावं तसं माझं झालं होतं. चहाच्या हॉटेलात माणसं विचारायची, "अमरदीपदादा, आला का?" तो सांगायचा, "येतंय, येतंय. आधी आई बघंल, मग तुमी."

नवा मोबाइल आला. दिसायला देखणा होता, उगाच कशाला नावं ठेवू? उन्हात पास झाला, मळणी यंत्राशेजारी पास झाला. मग मालनबाई हात धुऊन, पदराला पुसून बसल्या. अंगठा ठेवला. काच थरथरली. परत ठेवला. परत थरथरली, मोबाइल उघडेना. अमरदीपनं माझ्यासारखंच त्यालाही अंगठा पुन्हा पुन्हा शिकवून पाहिला, पण तो शिकेना.

"न्हाय घेत रे," मालनबाई म्हणाल्या. "सांगून टाक लोकांना. बायका वाट बघत्यात."

एवढं बोलून त्या सोयाबीनच्या काढणीला निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

अमरदीप मात्र तसाच बसून राहिला. तेवढ्यात कंपनीतल्या मॅडमचा फोन माझ्यावर आला. आवाज गोड होता.

"सर, आईंची ती अंगठ्याची टेस्ट हवीच हं. आमच्या सगळ्या टीमला ती फार आवडते."

"मॅडम, तिथंच तर घोडं अडलंय. आईचा अंगठा घेत न्हाय."

आवाज तसाच गोड राहिला. मग त्या म्हणाल्या, "मग तिथं थोडं ॲडजस्ट करा ना. बघा, इथून पुढं प्रत्येक फोन तुम्हाला आधी यावा म्हणून मी स्वतः तुमचं नाव सुचवलंय."

धमकी नाही, शिवी नाही. एवढंच बोलल्या आणि 'टेक केअर' म्हणून फोन ठेवला.

अमरदीपनं क्षमाला हाक मारली. क्षमा घरात शिवणकाम करते. काय करायचंय ते कळल्यावर ती उंबऱ्यातच थांबली.

"अहो, माझा अंगठा आत्यांचा कसा दिसंल?"

"दिसंल. जरा माती लाव."

"आत्यांना काय सांगायचं?"

"आई कुठं बघती व्हिडिओ? एवढ्यापुरतंच हाय, क्षमा. परत न्हाय असं करायचं."

दोरीवर मालनबाईंचं पातळ वाळत होतं. क्षमानं ते खांद्यावर घेतलं, कुंडीतली ओली माती अंगठ्याला चोळली आणि मान खाली घालून बसली. मला तांब्याला टेकवलं होतं. डोळा झाकायची सोय मला दिलेली नाही, नाहीतर त्या दिवशी मी तो झाकला असता. तरणा, रेषा ठसठशीत असलेला अंगठा मोबाइल झटक्यात शिकला आणि पुन्हा काचेवर टेकताच लगेच उघडला. अमरदीप माझ्याकडं बघून हसत म्हणाला, "बघा! आईला वळखलं!" खरं तर मालनबाईंचे शब्द होते ते, माझ्यासाठी उच्चारलेले. त्या वेळी मालनबाई लोकाच्या रानात विळा धरून वाकलेल्या होत्या. मित्रांनो, माणसाची कीव येते म्हणतात अशा वेळी. मला नाही आली. मला संताप आला.

गुरुवारी सकाळी ते मत जगजाहीर झालं. बघणाऱ्यांची नुसती झुंबड उडाली. लोक मालनबाईंना रस्त्यात अडवून म्हणायचे, "बाई, तुमचा अंगठा लई गाजतोय." मालनबाईंना वाटलं, पोरानं खरं सांगितलं म्हणून गाजतोय. त्या आपल्या हसायच्या आणि कामाला जायच्या. अमरदीप नवा मोबाइल वापरू लागला आणि मला आईच्या स्वाधीन केलं. त्यांच्या कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीशेजारी, माझा मुक्काम पडला. तंबाखूचा वास मला सोसला, पण लोकांनी त्या अंगठ्याचं कौतुक केलेलं मला रोज ऐकावं लागायचं, ते सोसलं नाही.

मग एक दिवस दारात महादेवी आली. ही कर्नाटकाच्या हद्दीकडच्या गावाची, नवऱ्याचं नाव गुंडप्पा. काढणीच्या टोळीत मालनबाईंची आणि तिची जुनी ओळख. जीपमधून आली होती आणि रुमालात गुंडाळलेला नवा मोबाइल छातीशी धरला होता. तिचा मुलगा हैदराबादला कामाला आहे. तो आवाज भरून निरोप पाठवतो, आणि तिला आकडे वाचता येत नाहीत. अंगठ्यानं उघडणारा मोबाइल मिळाला तर पोराचा आवाज कुणाच्या मिनतवाऱ्या न करता ऐकता येईल, एवढ्यासाठी ती अमरदीपच्या मताची वाट बघत थांबली होती. व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी विरेशकडून मोबाइल नेला.

"मालनक्का," ती म्हणाली, "तुमी अंगठा कसा ठेवला तेवढं दावा की. माजा घेतच न्हाय. आमचं मालक म्हनत्यात, अंगठाबी धड न्हाय तुजा."

मालनबाईंना काही कळेना. "अगं, माजा तरी कुठं घेतला?"

"असं कसं? व्हिडिओत उघडला की!"

मालनबाईंनी मला पिशवीतून काढलं, अंगठा ठेवला. मी उघडलो. क्षमाला म्हणाल्या, "लाव बरं त्यो व्हिडिओ." क्षमानं तो लावला. मग माझ्याच तडा गेलेल्या काचेवर मालनबाईंनी तो अंगठा पाहिला. पातळ त्यांचं. माती लावलेली. वण नाही. त्यांनी एकदा क्षमाच्या हाताकडं पाहिलं आणि क्षमानं हात पदराखाली घेतला.

मालनबाईंनी मला खाली ठेवलं. मग त्यांनी महादेवीचा मोबाइल अंगठा शिकायला क्षमाकडून तयार करून घेतला आणि महादेवीसमोर त्यावर आपला अंगठा परत परत ठेवला. काच थरथरली. "बघ बाई. माजाबी न्हाय घेत. व्हिडिओतला त्यो अंगठा माजा न्हाय."

महादेवीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवली.

"अक्का, माजं मन राखाया म्हनताव तुमी. सगळ्या मुलखानं बघितलंय. तुमी मुद्दाम उलटा ठेवला."

"न्हाय गं. शपत."

"असू द्या. माज्या अंगठ्यातच खोट हाय, म्हाईत हाय मला." तिनं मोबाइल परत रुमालात गुंडाळला. चहासुद्धा न घेता ती जीप गाठायला निघून गेली.

रात्री अमरदीप जेवायला बसला. मालनबाईंनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "म्हादेवी आलती."

त्याचा घास हातातच राहिला. "काय म्हनली?"

"माज्यावर इस्वास न्हाय ठेवला तिनं. तुज्यावर ठेवला."

तो म्हणाला, आई, एवढ्यापुरतंच होतं. परत नाही करणार. विरेशला सांगून तिचा मोबाइल बदलून देतो. मालनबाईंनी आमटी वाढली. बदलून तो देईलही, पोरगा मुळात वाईट नाही. पण व्हिडिओ अजून तसाच आहे आणि लोक अजून तो बघून मोबाइल नेत आहेत.

परवा कंपनीकडून पुढचा मोबाइल आला. आता ते न मागता येतात. अमरदीपनं खोका फोडला, तांबा मांडला आणि आवाज दिला, "आई, ये की. अंगठा."

मालनबाई सुपात डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मागच्या बारीला जिचा घेतलास तिचाच घे. माजा रेशनलाबी चालत न्हाय." आणि त्या निवडत राहिल्या. 

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांनाही जीव असतो, असं शेवटी सांगायची आम्हा वस्तूंची रीत आहे. मला जपू नका. माझी बॅटरी फुगली आहे, पाठ उचलायला लागली आहे, मी फार दिवसांचा सोबती नाही. एक दिवस मालनबाई माझ्यावर अंगठा ठेवतील आणि मी उघडणार नाही. त्या अंगठा पदराला पुसतील, परत ठेवतील, दाबून ठेवतील, आणि मग म्हणतील, माज्यातच खोट हाय. तेव्हा मला तोंड नसेल. तुमच्यापैकी कुणीतरी तिथं असा, आणि त्यांना सांगा की बाई, अंगठा तुमचा खरा होता, मोबाइल मेला. महादेवीला त्यांच्यावर बसला नाही तसा त्यांनाही तुमच्यावर विश्वास बसणार नाही कदाचित. तरी सांगा.